गुलगुथ्याची चतुःसीमा

येशू ख्रिस्ताला ज्या ठिकाणी वधस्तंभावर खिळले आणि ज्या कबरेत त्याचा देह ठेवला, त्या ठिकाणांचा पत्ता सांगताना चारही शुभवर्तमानकारांनी शब्दांची जी काटकसर केली, तिच्यामुळे पुढील शतकांतील यात्रेकरूंना, धर्माधिकाऱ्यांना, पंडितांना आणि अखेरीस काही लष्करी अंमलदारांनाही भरपूर उद्योग मिळाला, असे म्हणावयास हरकत नाही. जागेचे नाव गुलगुथा, म्हणजे कवटीची जागा. ती नगराजवळ होती, इतकी की येणारेजाणारे लोक वधस्तंभावरची पाटी वाचू शकत. त्याच ठिकाणी एक बाग होती आणि बागेत खडकात खोदलेली, पूर्वी कोणालाही न ठेवलेली अशी अरिमथाईकर योसेफाची नवी कबर होती. आणि इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राप्रमाणे हे सारे वेशीबाहेर घडले. लेखी पुरावा तो एवढाच. वेस कोणत्या दिशेची, तिच्यापासून अंतर किती, जागा उंचवट्याची की सपाटीची, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर मूळ ग्रंथांत नाही. कालवरीची जी टेकडी चित्रांतून आणि प्रवचनांतून सर्वांच्या परिचयाची झाली आहे, तीसुद्धा शुभवर्तमानांत नाही, मागाहून भाविकांनी उभी केलेली आहे. ज्या दस्तऐवजात चतुःसीमा लिहिलेली नाही, त्या जमिनीचा तंटा पिढ्यान्‌पिढ्या चालावा यात नवल नाही. येथे पक्षकार मात्र साम्राज्ये होती आणि धर्मपंथ होते.

आज पवित्र कबरेचे मंदिर म्हणून जे प्रसिद्ध आहे, ते यरुशलेमच्या जुन्या तटबंदीच्या आत, बाजाराच्या ऐन गर्दीत, मठ, दुकाने आणि मशिदी यांच्या दाटीत असे रुतून बसले आहे की, समोरच्या लहानशा चौकात पाऊल पडेपर्यंत त्याचे दर्शनी अंग दृष्टीसही पडत नाही. आत शिरताच उजव्या हाताला अरुंद आणि चढ्या पायऱ्या लागतात. त्या चढून गेले की वधस्तंभ ज्यावर उभा होता तो खडक, संगमरवराने आणि टांगलेल्या दिव्यांनी बराचसा झाकलेला. आणि खाली उतरून पश्चिमेकडे थोडे चालले की मोठ्या घुमटाखाली कबरेवर बांधलेला छोटेखानी मंडप. वधाचे स्थान आणि दफनाचे स्थान ही दोन्ही एकाच छपराखाली आहेत. ग्रीक ऑर्थोडॉक्स, रोमन कॅथोलिक, आर्मेनियन, कॉप्ट, सिरियन आणि हबशी अशा सहा पंथांची येथे हक्काची वहिवाट असून, कोणती पायरी कोणी झाडावयाची आणि कोणता दिवा कोणी लावावयाचा, हे १७५७ आणि १८५२ सालच्या तुर्की फर्मानांनी जेथल्या तेथे गोठवून टाकले आहे. दर्शनी भागावरील एका खिडकीखाली कधी काळी कोणी ठेवलेली लाकडी शिडी, ती उचलण्याचा अधिकार कोणाचा हे न ठरल्यामुळे, अठराव्या शतकापासून तेथेच आहे. आणि महाद्वाराची किल्ली, ख्रिस्ती पंथांचा एकमेकांवर भरवसा नसल्याने म्हणा किंवा जुन्या सुलतानी रिवाजाने म्हणा, मुसलमान घराण्यांकडे आहे.

या जागेवर ख्रिस्ती लोकांचा कब्जा केव्हा आणि कसा आला, याची हकीकत कैसरियाचा बिशप युसेबियस याने सम्राट कॉन्स्टन्टाइनच्या चरित्रात लिहून ठेवली आहे. इ. स. ७० मध्ये टायटसने यरुशलेम उद्ध्वस्त केले, आणि त्यानंतर सुमारे साठ वर्षांनी सम्राट हेड्रियनने त्या भग्नावशेषांवर एलिया कॅपिटोलिना या नावाचे रोमन नगर वसविण्यास घेतले. युसेबियस सांगतो की, त्या वेळी कबरेची गुहा मातीच्या भराखाली बुजवून, वर फरसबंदी करून, तीवर व्हीनस देवीचे मंदिर बांधण्यात आले. ख्रिस्ती धर्मावर कृपादृष्टी वळलेल्या कॉन्स्टन्टाइनच्या काळी, ३२५ च्या नायसियाच्या धर्मपरिषदेनंतर, यरुशलेमचा बिशप माकारियस याच्या देखरेखीखाली ते मंदिर पाडण्याचा हुकूम सुटला. इतकेच नव्हे, तर विटाळलेले दगड आणि माती दूर नेऊन टाकण्याचाही सुटला. आणि खणता खणता, सर्वांच्या अपेक्षेविरुद्ध, खडकातली कबर उघडी पडली. सम्राटाने माकारियसला पाठविलेले पत्र युसेबियसने उतरून घेतले आहे आणि ते वाचण्याजोगे आहे, कारण त्यात भक्तिभावाइतकीच कारखानीस वृत्तीही दिसते: खांब कोणते हवेत, संगमरवर कोठून आणावयाचा, छताला सोनेरी नक्षी करावयाची की नाही, याची विचारपूस बादशाही तपशिलाने केलेली आहे. खडक चोहोबाजूंनी तोडून कबर तेवढी सुटी उभी ठेवण्यात आली, तिच्या पूर्वेस भव्य सभामंडप उठला, आणि ३३५ साली त्याचा प्रतिष्ठापनविधी झाला. सम्राटाची माता हेलेना हिने येथेच खरा वधस्तंभ शोधून काढला ही कथा मात्र युसेबियसच्या लेखनात नाही. ती चौथ्या शतकाच्या अखेरीस प्रथम वाचावयास मिळते.

‘अपेक्षेविरुद्ध’ या उल्लेखावर पुढे जितके रण माजले तितके क्वचितच दुसऱ्या कशावर माजले असेल. संशय घेणारे म्हणतात की, जागा परंपरेने ठाऊक असती तर कबर सापडल्याचे आश्चर्य वाटण्याचे कारण काय? नायसियाच्या परिषदेत आपल्या पीठाचा मान वाढवून घेतलेल्या माकारियसला एका पवित्र स्थानाची निकड होती, आणि निकडीच्या वेळी हव्या त्या वस्तू सापडतात. परंपरेचे वकील याला उत्तर देतात की, जागा ठाऊक होती; दोनशे वर्षे भरावाखाली दडपलेली कबर शाबूत निघेल ही मात्र कोणाला आशा नव्हती. दुसरा पक्ष मला अधिक सयुक्तिक वाटतो, आणि त्याचे कारण धार्मिक नसून व्यावहारिक आहे. कॉन्स्टन्टाइनच्या काळी हे स्थळ नगराच्या मध्यावर, बाजारपेठेला लागून होते आणि त्यावर एक चालते मंदिर उभे होते; केवळ कल्पनेने जागा ठरवावयाची असती, तर वेशीबाहेरची, शुभवर्तमानाशी सहज जुळणारी एखादी मोकळी जमीन दाखविणे किती तरी सोपे आणि स्वस्त पडले असते. ज्या जागेवर पहिल्याच दृष्टिक्षेपात आक्षेप येणार, तीच नेमकी पुढे केली गेली, याचा अर्थ पुढे करणाऱ्यांपाशी निवडीला फारसा वाव नव्हता. सार्दिसचा बिशप मेलितो याने दुसऱ्या शतकातच आपल्या वल्हांडणावरील प्रवचनात ख्रिस्ताचा वध नगराच्या मध्यभागी झाल्याचे म्हटले आहे, हेही येथे ध्यानात घेतले पाहिजे. शास्त्रवचनाशी विसंगत असे हे विधान करताना त्याच्या डोळ्यांसमोर त्याच्या काळचे रोमन नगर असावे, असाच तर्क संभवतो.

तर सगळा खटला अखेर एका तटापाशी येऊन थांबतो. यहुदी इतिहासकार जोसेफस याने यरुशलेमच्या उत्तरेकडील तीन तटांचे वर्णन केले आहे. पहिला सर्वांत जुना. दुसरा पहिल्या तटातील गेन्नाथ नावाच्या वेशीपासून निघून, उत्तरेचा भाग वेढून, अंतोनिया किल्ल्याला जाऊन मिळणारा. आणि तिसरा, राजा हेरोद अग्रिप्पा याने इ. स. ४१ ते ४४ च्या दरम्यान आरंभिलेला. तिसऱ्या तटाने आजच्या मंदिराची जागा नगरात घेतली याविषयी वाद नाही. पण हा तट ख्रिस्तवधानंतर दहाबारा वर्षांनी उठला, म्हणून त्याची अडचण नाही. प्रश्न दुसऱ्या तटाचा. तो मंदिराच्या जागेच्या दक्षिणेकडून आणि पूर्वेकडून गेला असेल तर जागा त्या काळी नगराबाहेर पडते आणि परंपरा टिकते. उलट पश्चिमेकडून वळसा घालून गेला असेल तर जागा आत येते आणि जवळजवळ सतराशे वर्षांची दीपाराधना एका चुकीच्या खडकापुढे झाली असे ठरते. जोसेफसने या तटाची वळणे सांगितली नाहीत.

मध्ययुगात हा प्रश्न कोणाला पडला नाही असे नाही, परंतु तो भांडणाच्या रूपाने पडला नाही. आठव्या शतकात आलेला इंग्रज यात्रेकरू विलिबाल्ड हा, ही जागा पूर्वी नगराबाहेर होती आणि हेलेनेने ती आत घेतली, असे स्पष्टीकरण देऊन मोकळा होतो. त्या काळी वास्तूवरच एकामागून एक इतकी संकटे आली की जागेच्या खरेपणाची मीमांसा करण्यास कोणाला उसंत नव्हती: ६१४ साली इराणी फौजांनी ती जाळली, १००९ साली फातिमी खलिफा अल्‌-हाकिम याच्या हुकमाने ती पाडून कबरेचा खडकही बराचसा फोडण्यात आला, १०४८ पर्यंत बायझंटाइन बादशहाच्या पैशाने ती पुन्हा उभी राहिली, आणि ११४९ साली धर्मयोद्ध्यांनी आज दिसणारे मंदिर पुरे केले. ज्या कबरेविषयी वाद चालला आहे तिच्या मूळ खडकाचा किती अंश शिल्लक आहे, हाच पुढे एक स्वतंत्र प्रश्न होऊन बसला.

उघड आक्षेपाचा मान सहसा योनास कोर्टे या जर्मन पुस्तकविक्रेत्याला देतात. हॅम्बुर्गनजीकच्या आल्टोना गावचा हा गृहस्थ १७३८ साली यरुशलेमला गेला आणि १७४१ साली छापलेल्या प्रवासवृत्तात त्याने एक आख्खे प्रकरण हे दाखविण्यात खर्चले की, जे स्थळ नगराच्या मध्यावर आहे ते नगराबाहेरचे गुलगुथा असणे शक्य नाही. तथापि पुस्तकविक्रेत्याच्या मताला विद्वानांच्या दरबारात काय किंमत असणार? त्या मताला पांडित्याची सनद मिळाली ती शंभर वर्षांनी, एडवर्ड रॉबिन्सन या अमेरिकन बायबल-पंडिताकडून. न्यूयॉर्कच्या धर्मशास्त्र विद्यालयातील हा प्राध्यापक १८३८ च्या एप्रिलात, अरबी उत्तम जाणणारा मिशनरी मित्र इलाय स्मिथ याला बरोबर घेऊन, यरुशलेमात दाखल झाला. दोघांनी होकायंत्र आणि मोजण्याची फीत घेऊन पॅलेस्टाइनची गावेच्या गावे पालथी घातली आणि खेडुतांच्या तोंडच्या अरबी नावांत दडलेली बायबलमधील कितीतरी गावे ओळखून काढली. हे काम एवढे भक्कम होते की आजचे संशोधकही त्याच्या ऋणात आहेत. रॉबिन्सनचा दंडक असा की, मठांतून साधूंनी सांगितलेल्या परंपरेला, शास्त्रवचनाचा किंवा समकालीन पुराव्याचा आधार असल्यावाचून, कवडीचीही किंमत देऊ नये. हा दंडक त्याने पवित्र कबरेला लावला, उतार-चढाव पाहिले, दुसरा तट जर मंदिराला बाहेर ठेवून गेला असेल तर नगर किती आखूड आणि तटाची जागा संरक्षणाच्या दृष्टीने किती गैरसोयीची होईल याचा हिशेब मांडला, आणि १८४१ च्या ग्रंथात निकाल दिला की गुलगुथा येथे असणे असंभवनीय आहे. खरे गुलगुथा कोठे, हे सांगण्याच्या भानगडीत तो पडला नाही.

युक्तिवाद म्हणून हा निकाल निर्दोष आहे; पण त्याच्या प्रवासवृत्ताच्या वाचकाला एक गोष्ट जाणवल्याविना राहत नाही. कनेक्टिकटच्या साध्या, मूर्तिविरहित प्रार्थनागृहात वाढलेल्या या मनुष्याला मंदिरातील धूप, भरजरी वस्त्रे, मेणबत्त्या आणि धक्काबुक्की यांचा मनापासून उबग आला होता. मोजणीची फीत हातात येण्यापूर्वीच नाकाने निकाल दिलेला होता, असे मी म्हटले तर ते रॉबिन्सनवर अन्याय करणारे ठरेल, परंतु सर्वस्वी असत्य ठरणार नाही. ज्यांनी त्याचा प्रतिवाद केला त्यांचीही स्थिती फारशी वेगळी नव्हती. १८४५ साली यरुशलेमवर ग्रंथ लिहून परंपरेची बाजू हिरिरीने मांडणारा जॉर्ज विल्यम्स हा इंग्लंडच्या धर्मसंस्थेतील प्राचीन विधींचा अभिमानी पाद्री होता. त्याला धुपाचे वावडे नव्हते आणि तटही त्याला मंदिराच्या पूर्वेकडूनच गेलेला दिसला. एकच जमीन, एकच जोसेफस. पण ज्याला जशी उपासना रुचली तसा त्याला तट दिसला.

या वादात तिसरा एक विलक्षण पक्षकार उभा राहिला, आणि महाराष्ट्रातील वाचकाला तो अपरिचित नसावा. जेम्स फर्ग्युसन हे नाव घेताच पुण्याच्या महाविद्यालयाची आठवण होईल, पण ते ज्यांच्या नावाचे ते मुंबईचे गव्हर्नर निराळे. हा फर्ग्युसन कलकत्त्यास निळीच्या व्यापारात पैसा मिळवून, अजिंठा, वेरूळ, कार्ले येथील लेणी पायाखाली घालणारा आणि १८४५ साली हिंदुस्थानातील कोरीव लेण्यांवर सचित्र ग्रंथ काढणारा कलाभ्यासक होय. पुढे जेम्स बर्जेस याच्यासह लिहिलेला त्याचा लेण्यांवरील मोठा ग्रंथ १८८० साली प्रसिद्ध झाला. इमारतीचे खांब आणि कमानी पाहून तिचा काळ सांगावा, शिलालेख आणि पोथ्या मागाहून पाहाव्यात, ही त्याची पद्धती लेण्यांच्या बाबतीत पुष्कळ अंशी फलद्रूप झाली होती. १८४७ साली तीच पद्धती त्याने यरुशलेमला लावली. फ्रेडरिक कॅथरवुड याने १८३३ साली हराम शरीफ या मुसलमानांच्या पवित्र आवारात शिरून काढलेली मोजमापाची चित्रे पुढे घेऊन त्याने सिद्धान्त मांडला की, कॉन्स्टन्टाइनने कबरेवर बांधलेली वास्तू ही आजचे पवित्र कबरेचे मंदिर नव्हेच. ती म्हणजे मुसलमानांचे सुप्रसिद्ध ‘कुब्बत अस्‌-सख्रा’, खडकावरचा घुमट! अर्थात ख्रिस्ताची कबर त्या घुमटाखालील गुहेत. घुमटाच्या आतून फिरणाऱ्या कूफी लिपीतील लेखात हिजरी ७२ हे साल स्पष्ट कोरलेले असता, केवळ खांबांच्या घडणीवरून त्याला तीन-साडेतीन शतके मागे नेण्याचे हे धाडस पाहून आज हसू येते. परंतु फर्ग्युसनचा दबदबा इतका होता की बायबलच्या एका मान्यवर इंग्रजी कोशातील यरुशलेमचे प्रकरण त्याच्याकडे सोपविण्यात आले. १८८६ साली मृत्यू येईपर्यंत त्याने हे मत सोडले नाही. अजिंठ्यात डोळ्यांवर विसंबून जो मनुष्य बहुधा बरोबर ठरला, तो यरुशलेमात त्याच डोळ्यांनी फसला. याचे कारण मला असे वाटते की, लेण्यांत त्याला कोणाशी भांडावयाचे नव्हते.

या चढाओढीला राजकारणाची एक बाजू होती, ती दृष्टीआड करून चालणार नाही. मंदिरातील कोपऱ्यांवरचे हक्क हा एकोणिसाव्या शतकात ग्रीक पंथाची कड घेणारा रशिया आणि लॅटिन पंथाची कड घेणारा फ्रान्स यांच्यातील मामला होऊन बसला होता. १८५३ च्या क्रिमियन युद्धाच्या कारणांत त्याची गणना होते. या सगळ्या वाटणीत प्रॉटेस्टंटांच्या वाट्याला एक फरशीही आलेली नव्हती, कारण १७५७ चे फर्मान निघाले तेव्हा त्या मुलखात त्यांची वस्तीच नव्हती. यरुशलेमात पहिला प्रॉटेस्टंट बिशप आला तो इंग्लंड आणि प्रशिया यांच्यातील करारानुसार, १८४१ साली नेमला जाऊन. एव्हाना आगबोटीने येणाऱ्या इंग्रज आणि अमेरिकन यात्रेकरूंची संख्या वाढू लागली होती, आणि ज्यांना गुडघे टेकण्यास स्वतःची अशी जागा नाही अशा या मंडळींना दुसरे एखादे गुलगुथा असणे सोयीचे होते.

ते त्यांना मिळाले. दमास्कस दरवाजाच्या उत्तरेस, तटापासून थोड्याच अंतरावर, जुन्या खाणकामाने तासून निघालेली एक दरड आहे. तिच्या अंगात दोन खोल खळगे असून त्यांमुळे ती डोळ्यांच्या खाचा असलेल्या कवटीसारखी दिसते, आणि माथ्यावर मुसलमानांचे कबरस्तान आहे. ड्रेस्डेनचा ओटो थेनियस याने १८४२ मध्ये या टेकाडाची सूचना केली होती. १८६५ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या पॅलेस्टाइन संशोधन निधीच्या वतीने मोजणी करणाऱ्या क्लॉड काँडर यानेही तिला पाठिंबा दिला. परंतु जगभर नाव झाले ते जनरल चार्ल्स गॉर्डन याचे. चीनच्या मोहिमेत कीर्ती मिळविलेला, १८८० साली व्हाइसरॉय रिपन यांचा खाजगी चिटणीस म्हणून आलेला आणि मुंबईत उतरल्यानंतर काही दिवसांतच त्या पदाचा राजीनामा देऊन मोकळा झालेला हा अवलिया १८८३ साली पॅलेस्टाइनात बायबलचे चिंतन करीत राहिला होता. त्याचे अनुमान ऐकण्यासारखे आहे. सरकारी नकाशावरील समपातळीच्या रेषा पाहता पाहता त्याला यरुशलेमच्या भूमीवर एक मानवी सांगाडा पसरलेला दिसला, त्याचे डोके उत्तरेच्या या टेकाडावर; शिवाय लेवीय ग्रंथात होमबली वेदीच्या उत्तरेस मारावा असे सांगितले आहे, तेव्हा मानवजातीसाठी अर्पिलेला बलीही उत्तरेसच पडला असला पाहिजे! हे पुराणवस्तुशास्त्र नव्हे हे सांगावयास नको. पण १८८५ च्या जानेवारीत खार्टूम येथे गॉर्डनला वीरमरण आले, आणि हुतात्म्याच्या अनुमानाची छाननी करण्याचे धैर्य व्हिक्टोरिया राणीच्या इंग्लंडात फारसे कोणाला झाले नाही.

टेकाडाच्या पायथ्याशी १८६७ साली जमीनमालकाला पाण्याचे टाके शोधताना खडकातली एक कबर सापडलेली होती. कोन्राड शिक या यरुशलेमवासी जर्मन स्थापत्यकाराने १८७४ मध्ये तिचा अहवाल लिहिला तेव्हा तिची मातब्बरी कोणाला वाटली नव्हती. गॉर्डनच्या टेकाडाला कबरेची जोड हवी झाली तेव्हा ती वाटली. १८९४ साली इंग्लंडात वर्गणी गोळा करून ही जमीन दोन हजार पौंडांना विकत घेण्यात आली. पुढे तेथे फुलझाडे लावली, बाके ठेवली, आणि कबरेच्या तोंडाशी दगडात खोदलेला जो लांब पन्हळ होता तो धोंडा लोटण्याचा मार्ग म्हणून दाखविण्यात येऊ लागला. शुभवर्तमान वाचून आलेल्या माणसाच्या मनातल्या चित्राशी ही जागा तंतोतंत जुळते, आणि तिचे सारे सामर्थ्य या जुळण्यातच आहे.

परंपरेच्या बाजूचे लोकही या काळात स्वस्थ नव्हते. रशियनांनी मंदिराच्या पूर्वेस आपल्या जागेत १८८३ साली खोदकाम करून एक उंबरठा काढला आणि ख्रिस्त याच वेशीतून वधस्थानाकडे गेला असे जाहीर केले. १८९३ साली जर्मनांनी शेजारी ल्यूथरपंथी चर्चचा पाया खणला, तेव्हा एक जाड भिंत लागली. हाच दुसरा तट, आणि तो मंदिराच्या दक्षिणेकडून जातो, तेव्हा मंदिर नगराबाहेर, असा हर्ष झाला. कैसर विल्हेल्म १८९८ साली त्या चर्चच्या उद्घाटनास स्वतः हजर राहिला. बागेतल्या कबरेच्या शेजारीच राहणाऱ्या डोमिनिकन पंथाच्या बायबल विद्यालयातील फादर व्हिन्सेंट याने १९२५ साली त्या कबरेची संभावना निखालस दंतकथा म्हणून केली. या गलबल्यात मला सर्वांत आदरणीय वाटतो तो चार्ल्स विल्सन, ज्याने १८६४-६५ मध्ये यरुशलेमची पहिली शास्त्रशुद्ध मोजणी केली होती आणि जो या विषयावर आयुष्यभर कागद जमवीत राहिला. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १९०६ साली बाहेर आला, आणि त्यात निर्णय असा की, परंपरेची जागा निश्चित मानण्यास पुरेसा पुरावा नाही आणि ती निश्चितपणे नाकारण्यासही नाही. सर्वांहून अधिक मोजणाऱ्या माणसाने निकाल देण्यास नकार दिला, म्हणूनच कदाचित त्याचे पुस्तक कोणी फारसे वाचले नाही.

कुदळीने बोलावयास आरंभ केला तो १९६० नंतर. कॅथलीन केन्यन या इंग्रज संशोधक बाईंनी १९६१ ते १९६७ च्या दरम्यान केलेल्या उत्खननात मंदिराच्या दक्षिणेस, मुरिस्तान नावाच्या भागात, खोलवर जाऊन एक खाण लागली, इ. स. पूर्व सातव्या शतकाच्या सुमारास तेथून दगड काढलेला, त्यानंतर वस्तीची खूण नाही, आणि वर रोमन काळातील भराव. त्यापुढे १९७०-७१ मध्ये उटे लुक्स यांनी जर्मन चर्चखालची ती सुप्रसिद्ध भिंत तपासली, तेव्हा ती ख्रिस्ताच्या काळानंतरची निघाली. म्हणजे पाऊणशे वर्षे जिच्या जोरावर परंपरेचे समर्थन चालले होते ती साक्ष खोटी ठरली, पण त्याच खड्ड्यात, भिंतीच्या खाली, पुन्हा तीच ओसाड खाण सापडून परंपरेची बाजू पूर्वीपेक्षा बळकट झाली. साक्षीदार खोटा निघाला आणि खटला जिंकला, असे उदाहरण न्यायालयातही विरळा. खुद्द मंदिराच्या दुरुस्तीच्या निमित्ताने फ्रान्सिस्कन संशोधक व्हिर्जिलियो कोर्बो यांनी फरशीखाली जे पाहिले त्याचेही तात्पर्य हेच: जुनी खाण, ती बंद पडल्यावर तिच्यात साचलेली शेतीयोग्य माती, आणि खाणीच्या उभ्या कडांत खोदलेल्या कबरी. कबरेच्या मंडपामागे सिरियन लोकांच्या काळवंडलेल्या देवघरातून आत गेले असता पहिल्या शतकाच्या यहुदी पद्धतीच्या, भिंतीत लांबट कोनाडे असलेल्या कबरी आजही पाहावयास मिळतात. यहुदी धर्मशास्त्राप्रमाणे प्रेताचा विटाळ नगरात चालत नाही. तेव्हा ज्या काळात या कबरी खोदल्या गेल्या त्या काळी ही जागा तटाबाहेर होती, आणि अग्रिप्पाचा तट उठल्यावर येथे दफन होणे शक्य नव्हते. खाणीतल्या कारागिरांनी निकृष्ट म्हणून सोडून दिलेला, तडा गेलेला दगडाचा एक सुळका भोवतालचा चांगला दगड निघून गेल्यावर उभा राहिला. तोच आज दिव्यांखाली पूजिला जातो.

बागेतल्या कबरेचे भाग्य याउलट निघाले. इस्रायली पुराणवस्तुशास्त्रज्ञ गॅब्रिएल बार्के यांनी १९८६ साली दाखविले की, तिची घडण, शेजारी शेजारी असलेल्या दोन खोल्या आणि जवळच्या डोमिनिकन मठातील तसल्याच कबरी पाहता, ती इ. स. पूर्व आठव्या-सातव्या शतकातील, म्हणजे ख्रिस्तकाळी सातशे वर्षांची जुनी होती. बायझंटाइन काळात तिचा पुन्हा उपयोग करताना आतले कट्टे पोखरून दफनाच्या पेट्या करण्यात आल्या. ज्या पन्हळातून धोंडा लोटला गेला असे यात्रेकरूंना दाखवीत, तो त्यांच्या मते धर्मयुद्धांच्या काळातील जनावरांच्या पाण्याचा होता. शुभवर्तमान स्पष्टपणे नव्या कबरेविषयी बोलते. बाग सांभाळणारी मंडळीही आता खरेपणाचा हट्ट धरीत नाहीत. प्रार्थनेला ही जागा बरी, एवढेच त्यांचे म्हणणे, आणि ते खरे आहे.

१९२७ च्या भूकंपाने खिळखिळा झालेला आणि १९४७ मध्ये इंग्रज अमदानीत लोखंडी तुळयांनी आवळलेला कबरेचा मंडप अथेन्सच्या तंत्रविद्यापीठाने २०१६-१७ मध्ये दुरुस्त केला, तेव्हा ऑक्टोबरच्या अखेरीस सुमारे साठ तास वरची संगमरवरी शिळा बाजूला सारली गेली. खाली दुसरी, भंगलेली, क्रूस कोरलेली शिळा आणि तिच्याखाली खडकाचा कट्टा दिसला. चुन्याच्या परीक्षणात त्यातील एका थराचा काळ इ. स. ३४५ च्या आसपासचा आला, आणि अल्‌-हाकिमच्या हातोड्यांतून काहीतरी वाचले होते हे कळले. २०२२ मध्ये रोमच्या सापिएन्झा विद्यापीठातील संशोधक मंदिराची फरशी टप्प्याटप्प्याने उचलून खाली खणू लागले, आणि त्या मातीत ऑलिव्ह व द्राक्षवेल यांचे अवशेष मिळाल्याचे २०२५ मध्ये जाहीर झाले. यावरून एवढे सिद्ध होते की, खाण बंद पडल्यानंतर आणि हेड्रियनच्या मंदिरापूर्वी येथे कोणी तरी लागवड करीत होते; ती लागवड अरिमथाईकर योसेफाची होती असे वनस्पतीचा अवशेष सांगू शकत नाही. कॉन्स्टन्टाइनच्या माणसांनी जी कबर दाखविली ती या जागेतील अनेक कबरींपैकी नेमकी कोणत्या खुणेवरून ओळखली, हे युसेबियसने लिहिलेले नाही. आणि ज्या दुसऱ्या तटावरून रॉबिन्सन आणि विल्यम्स एकमेकांवर तुटून पडले, त्याचा सर्वमान्य असा एकही तुकडा अद्याप हाती आलेला नाही. कुदळीने तो कोठून गेला नाही एवढेच सांगितले आहे, आणि कोठून गेला हे पाहावयाचे तर बाजारातली राहती घरे आणि चालती दुकाने पाडावी लागतील.